व्हिक्सबर्ग पडल्यावर बघू

"आप्पा, पाय दाखवा."

"व्हिक्सबर्ग पडू दे, मग बघू."

"व्हिक्सबर्ग काही आज पडत नाही. वेढाच अजून अर्धा व्हायचाय."

"मग वाच की. बोलत कशाला बसलीयास?"

मे महिन्याची दुपार होती. घराच्या पुढच्या सोप्यात आप्पा आरामखुर्चीत, उजवा पाय स्टुलावर, पायाला पांढरंशुभ्र बँडेज. ते बँडेज आप्पा स्वतःच बांधायचे, तेही खोलीचं दार लावून. कुणाला बघू द्यायचे नाहीत. पण वास काही दारामागे कोंडता येत नाही. आई उदबत्तीवर उदबत्ती लावायची, आणि त्याने वास जायचा नाही, उलट उदबत्तीचाच राग यायला लागायचा.

माझ्या मांडीवर ते पुस्तक. अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तर आणि दक्षिण एकमेकांच्या उरावर बसली, त्या यादवी युद्धाचा इतिहास. तीन खंड. एकेक खंड असा, की उशाला घेतला तर मान आखडावी. लिहिणाऱ्याला कशाची म्हणून घाई नाही. एक फौज नदीपाशी आली, की ती नदी ओलांडेपर्यंत हा बाबा तीस पानं खाणार. पूल कुणी बांधला, फळ्या का कमी पडल्या, त्यावर कुठला जनरल कुणाला काय म्हणाला. मी इचलकरंजीला हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायची. माझा एखादा विद्यार्थी असा पाल्हाळ लावत बसला असता तर मी वही भिरकावली असती. इथे मात्र मीच ते इंग्रजी वाचत होते, वाक्यावाक्याला मराठी करून आप्पांना सांगत होते, आणि शेजारी आप्पांचा पाय सडत होता.

हो, सडतच होता. साखरेच्या आजाराचा पाय. आधी अंगठा काळा पडला, मग पाऊल. कोल्हापूरच्या डॉक्टर नेर्लेकरांनी माझ्यासमोर स्वच्छ सांगितलं होतं, "हवालदार, गुडघ्याखालून काढावा लागेल. आता काढला तर पाय जाईल. रेंगाळलात तर तुम्ही जाल." आप्पांनी डॉक्टरांना कडक सॅल्यूट ठोकला, "येतो," म्हणाले, आणि घरी येऊन पुस्तक उघडून बसले.

हे पुस्तक घरात घुसवलं आमच्या उदयने. उदय म्हणजे माझा धाकटा भाऊ, अमेरिकेत इंजिनिअर. आप्पा एकदा फोनवर म्हणाले होते, "लढाईचं काहीतरी पाठव बाबा, वेळ जात न्हाई." त्याने तीन खंड पाठवले. आता आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, आप्पाही फौजेतलेच हवालदार, त्यामुळे लढाईचं कौतुक सगळ्यांनाच. पण हे पुस्तक आप्पांना वाचता येईना. इंग्रजी जेमतेम, त्यात अक्षर मुंगीएवढं. मी सुट्टीला माहेरी आले होते ती आप्पांना दवाखान्यात घालायला, आणि चिकटले वाचनाला.

त्यात आईने घोटाळा केला. आई दरवर्षी पोथीचं पारायण करायची. पोथी उघडायची तर चौरंगावर ठेवून, हळदीकुंकू वाहून, नारळ ठेवून. आणि एकदा उघडली, की संपेपर्यंत वाचणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने गावाची वेस ओलांडायची नाही. आप्पांनी जन्मभर त्या नियमाची टिंगल केली. पण त्या तीन खंडांचा गठ्ठा बघून आईच्या हाताला काय सुचलं देव जाणे, तिने सवयीने चौरंग मांडला, पहिल्या खंडावर हळदीकुंकू टाकलं, नारळ ठेवला, हात जोडले. मी हसले. आप्पाही हसले. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "उद्या सकाळच्या गाडीने कोल्हापूर," तर आप्पा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पारायण सुरू हाय. येस ओलांडायची न्हाई. आईला इचार तुझ्या."

"आप्पा, हे पुस्तक आहे!"

"नारळ ठेवलाय."

"तुमचा विश्वास कधीपासून बसला?"

"माझा न्हाई गं. तिचा हाय. तिचं मन कशाला मोडू?"

आईकडे बघितलं तर ती गप्प. नारळ तिनेच ठेवलेला, आता नाही कशी म्हणणार? माझं डोकंच फिरलं. जन्मात ज्या माणसाने देवळाची पायरी चढली नाही, तो आता अमेरिकेच्या लढाईचं पारायण करायला बसला होता.

बरं, ऐकणारेही एकापेक्षा एक. आई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसायची आणि मध्येच तोंड घालायची.

"म्हंजे भाऊबंदकीच म्हणायची ही."

"हो आई."

"कशावरनं म्हणायची?"

"गुलामांवरून. दक्षिणेला माणसं विकत घेऊन राबवायची होती, उत्तरेला ते नको होतं."

"मग सोडायचं की त्यास्नी. त्यात एवढं काय लढायचं?"

"तेच तर होईना ना!"

"मग आजून किती दिवस चालतंय?"

"चार वर्षं चाललं ते."

आई सुपातल्या तांदळांकडे बघत राहायची आणि म्हणायची, "चार वर्सं. आणि ह्यांच्या पायाला डाक्टरनं महिना दिलाय."

आप्पा तिकडे लक्षच द्यायचे नाहीत. "पुढं वाच," म्हणायचे.

पहिल्या खंडात उत्तरेचा एक सेनापती होता. फौज मोठी, दारूगोळा भरपूर, माणसं जीव द्यायला तयार, पण हा गडी जागचा हलेना. आज काय तर पाऊस आहे, उद्या काय तर शत्रू फार आहे, परवा आणखी माणसं पाठवा. राष्ट्राध्यक्ष बिचारा पत्रावर पत्रं लिहून दमला. मी वाचता वाचता थांबले आणि म्हटलं, "आप्पा, हा माणूस मला ओळखीचा वाटतोय."

"कोण?"

"सगळं तयार असताना जागचा न हलणारा."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट पान उलटलं.

पानं उलटण्याचं एक सांगते. लढाईचं पुस्तक म्हटल्यावर त्यात जखमी येणार, आणि जखमी आले की डॉक्टर येणार. पहिल्याच मोठ्या लढाईनंतर एक पान आलं. शाळेची इमारत, बाकांवर माणसं, करवती, आणि खिडकीबाहेर कापलेल्या हातापायांचा ढीग. समोर हा माणूस, पाय स्टुलावर टाकून बसलेला. मी ते पान तसंच उलटलं. पुढच्या लढाईत पुन्हा तेच, तेही उलटलं. मग मला सवयच झाली. पुढच्या ओळीत 'सर्जन' शब्द दिसला, की मी दोन पानं पुढे. आधीच माणूस ऑपरेशनला घाबरलाय, त्याला हे वाचून दाखवायला मी काय वेडी होते? कुणीही हेच केलं असतं.

तर व्हिक्सबर्ग. नदीकाठचं गाव, उत्तरेच्या फौजेने वेढा घातलेला, आत माणसं खेचरांचं मांस खातायत. मी आपली वाचतेय, वाचतेय. शेवटी पडलं एकदाचं. आनंदाच्या भरात मी पुस्तक मिटलं.

"पडलं व्हिक्सबर्ग! दाखवा पाय."

"गेटिसबर्ग ऱ्हायलंय न्हवं? तू मगाशी म्हणालीस, दोन्ही एकाच टायमाला चाललेलं."

"आप्पा, तुम्ही शब्द दिला होतात!"

"व्हिक्सबर्ग पडल्यावर बघू म्हटलेलं. बघू म्हंजे इच्चार करू."

मला रडूच फुटलं. वयाने पस्तिशी उलटलेली, दोन पोरांची आई, वर्गात नुसती आत शिरले की पोरं चिडीचूप होणारी बाई मी. आणि बापापुढे हमसाहमशी रडतेय. आप्पा अस्वस्थ झाले. पण हलले नाहीत.

त्या संध्याकाळी उदयचा फोन आला. "ताई, आप्पांना पुस्तक आवडतंय का गं?"

"आवडतंय? अरे, त्या पुस्तकापायी ते मरायला टेकलेत!"

"असं काय करतेस? त्यांना समजावून सांग ना, माझं नाव सांगून सांग."

"तू ये आणि सांग. आणि पुढच्या वेळी काही पाठवायचं असेल तर पातळ पुस्तक पाठव." मी फोन आपटला.

मग मी आईला गाठलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. "आई, तुझ्या त्या नारळाने आप्पांचा जीव जाणारे. तू सांग त्यांना, की हे पारायण नव्हे."

"मी कवा म्हटलं पारायण हाय म्हणून? सवयीनं ठेवला नारळ. त्येंनीच उचलून धरलं ते."

"म्हणजे? तुझं मन मोडेल म्हणून ते अडून बसलेत ना?"

आईची भाकरी हातातच राहिली. "माझं मन? आगं, मी रोज देवाला म्हणतीया की ह्यास्नी बुद्धी दे, उठून दवाखान्यात जाऊ दे. मला वाटलं, त्येंचं मन लागलंय त्यात, म्हणून मी गप हाय!"

मी कपाळावर हात मारला. हा तिच्यासाठी गप्प, ती ह्याच्यासाठी गप्प, आणि मधल्या मध्ये मी अमेरिकेतल्या नद्या ओलांडतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक उघडायच्या आत आई पदर खोचून सोप्यात आली. चौरंगावरचा नारळ उचलला, उंबऱ्यावर फोडला, खोबऱ्याचा तुकडा आप्पांच्या हातावर ठेवला. "झालं पारायण. समाप्ती केली. आता उठा आणि चला."

"लढाई कुठं संपलीया?"

"ती तिकडं संपू दे न्हाईतर न संपू दे. इथलं संपलं."

"दोन खंड हुईत आलेत निस्तं. तिसरा ऱ्हायलाय. मधीच समाप्ती आसती का कुठं?"

आता मात्र माझा पारा चढला. मी तिसरा खंड उचलला आणि शेवटची पानं उघडली. "मी सांगते तुम्हाला काय होतं ते. उत्तर जिंकते. दक्षिणेचा सेनापती शरण जातो. गुलाम सुटतात. राष्ट्राध्यक्षाला नाटकगृहात गोळी घालतात. संपलं! झालं समाधान?"

"ते मला ठाऊक हाय."

"काय?"

"कोण जिंकलं ते फौजेत शिकवलंय आमाला. कुणाला ठाऊक न्हाई ते?"

"मग कशाची वाट बघताय? सांगा ना! कशासाठी माझी सुट्टी खाल्लीत, आईच्या जिवाला घोर लावलात, स्वतःचं पाऊल कुजवलंत? काय पाहिजे तुम्हाला ह्या पुस्तकातून?"

आप्पांनी मान फिरवली. आईने पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला, "बोला की! पोरगी काय इचारतीया?"

"तू पानं गाळतीस," आप्पा मला म्हणाले.

मी गडबडले. "कुठली पानं?"

"मला आवाज कळत न्हाई व्हय पान उलटल्याचा? एवढी वर्सं लढाई चाललीया. तोफा हैत, गोळे हैत, हजारानं माणसं पडत्यात. आणि एकाचाबी पाय कापला जाईना? मला काय दूधखुळा समजलीस?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"मी त्याचीच वाट बघतोय!" आप्पा ओरडले. त्यांचा आवाज चढला की गल्लीत कळायचं, पण ह्या वेळी तो मध्येच चिरकला. "पहिल्या दिवसापास्नं त्याचीच वाट बघतोय. आणि तू दर खेपंला पान उलटतीस."

मग आप्पांनी सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, करवादल्यासारखं एकेक वाक्य फेकलं.

आप्पा फौजेत मेडिकलला होते हे आम्हाला ठाऊक होतं. काय करायचे, विचारलं तर "औषधं वाटायचो" एवढंच सांगायचे. आम्ही तेच धरून चाललो होतो. पण एकाहत्तरच्या लढाईत ते बंगालकडच्या आघाडीवर होते आणि त्यांची नेमणूक ऑपरेशनच्या तंबूत होती. सुरुंगावर पाय पडलेली पोरं यायची. डॉक्टर कापायचा, आप्पा धरून ठेवायचे.

"कापून झालं की पाय माझ्याकडं. बादलीत घालायचा, तंबूच्या पाठीमागं न्यायचा, खड्डा काढायचा, पुरायचा. परत येतोय तवर माणूस गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलला गेलेला. रोज हेच. मी निस्ते पाय पुरले गं. माणसं कुठं गेली, मला कवाच कळलं न्हाई. जगली? गाडीत मेली? घरी गेली? एकाचंबी कळलं न्हाई."

"कुणाला तरी विचारायचं होतं," मी म्हटलं.

"कुणाला इचारतीस? नाव ठाऊक न्हाई, गाव ठाऊक न्हाई. पाय ठाऊक." आप्पांनी खोबऱ्याचा तुकडा खुर्चीच्या हातावर ठेवला. "कापायच्या आधी ती पोरं माझा हात धरून इचारायची. साब, बचूंगा ना? मी म्हणायचो, हां बेटा, घर जाएगा. समद्यास्नी तेच. मला काय ठाऊक हुतं? काय न्हाई. आता तो नेर्लेकर माझ्या खांद्यावर हात ठेवतोय आणि म्हणतोय, हवालदार, काही होत नाही, घरी जाल. मी कसा इश्वास ठेवू? ते वाक्य माझंच हाय."

आई भिंतीला टेकून खाली बसली. "आणि हे तुमी मला आत्ता सांगताय? मला वाटत हुतं, तुमी गोळ्या वाटत हुता."

"सांगून काय करणार हुतीस?"

"जेवताना 'आजून एक भाकरी घ्या' म्हणून मागं तरी लागले नसते, तुमी गप बसायचा तवा!"

मी विचारलं, "पण पुस्तकाचं काय, आप्पा?"

ते जरा ओशाळले. "कौल लावला हुता."

आमच्याकडे अडलेल्या कामाला माणसं देवळात कौल लावतात. गुरव देवाला फुलं चिकटवतो. उजवं फूल पडलं तर कर, डावं पडलं तर नको. आप्पा त्यालाही हसायचे. आणि ह्याच माणसाने कौल लावला होता तो पुस्तकाला. वाचनाच्या ओघात जर एखादा पाय कापलेला माणूस जगून घरी गेलेला निघाला तर ऑपरेशनला जायचं, असं मनाशी धरलेलं. मुद्दाम मागून घ्यायचं नाही. मागितल्यावर मिळालं तर तो कौल कसला? आपोआप यायला पाहिजे. आणि दर वेळी तो कौल यायच्या बेतात असायचा, तेवढ्यात त्यांची हुशार लेक पान उलटायची.

मी हसू की रडू? आधी भडकले. "अहो, एका शब्दाने सांगायचं होतंत मला!"

"तू तरी सांगितलंस का, गाळतीया म्हणून?"

मी पहिला खंड पुन्हा उघडला आणि शाळेच्या इमारतीवर आले. "ऐका आता. सगळं वाचते. मध्ये थांबवायचं नाही."

मी वाचलं. बाकं, करवती, क्लोरोफॉर्मचा रुमाल, खिडकीबाहेरचा ढीग. आई पदराने तोंड दाबून बसली होती. आप्पा डोळे मिटून ऐकत होते आणि मधूनच मान हलवत होते. "बरोबर," म्हणायचे. "आसंच आसतंय." गाळलेलं प्रत्येक पान मी शोधून शोधून वाचलं. पण लेखकही सगळा आप्पांसारखाच. पाय कापला की त्या माणसाला तिथेच सोडून हा निघाला पुढच्या लढाईला. पुढे काय झालं, एक अक्षर नाही. मला त्या लेखकाची मानगूट धरावीशी वाटली. अरे, नदीवरच्या पुलाच्या फळ्या मोजतोस, आणि माणूस वाचला की मेला ते सांगत नाहीस?

आप्पांचा चेहरा उतरत चालला. मग मी ओघाबिघाची पर्वा सोडली. मागची सूची काढली आणि बोट ठेवून नावं शोधत सुटले.

"हे बघा. दक्षिणेचा एक जनरल. मांडीपासून पाय काढला. ऐकताय? गुडघ्याखालून नव्हे, पार वरून. थोड्याच महिन्यांत परत हजर झाला. त्याला घोड्यावर पट्ट्यांनी बांधून बसवायचे."

आप्पांनी डोळे उघडले. "मग?"

"मग सेनापती झाला."

"जिंकला?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण बोलले नाही. "नाही. सगळी फौज मातीत घातली त्याने."

"ते जाऊ दे. जगला का?"

मी पुढे चाळत गेले. तळटीप सापडली. "जगला. लढाईनंतर घरी गेला, लग्न केलं, घर भरून पोरं झाली."

"एका पायावर?" आप्पा म्हणाले.

"पोरं व्हायला पाय कशाला लागतोय?" आई कोपऱ्यातून म्हणाली, आणि जीभ चावली.

आप्पा हसले. किती दिवसांनी हसले. हसता हसता पाय हलला आणि कळ आली, तरी हसत होते.

"जनरल हुता म्हणून जगला आसंल," ते मग म्हणाले. "साध्या माणसाचं काय?"

मी आणखी चाळलं. एका ठिकाणी लिहिलेलं होतं, की पाय कापलेल्यांपैकी निम्म्याहून बरेच जास्त जगले, आणि लढाईनंतर लाकडी पायांचा तिकडे मोठा धंदाच उभा राहिला. मी ते वाक्य आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. आप्पा म्हणाले, "परत वाच." परत वाचलं.

"त्या काळात," मी म्हटलं. "न धुतलेल्या करवतीने. नेर्लेकर निदान हात तरी धुतात."

आप्पांनी स्टुलावरच्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, "माझा कुठं टाकतील?"

"काय?"

"पाय. मेल्यावर जाळत्यात, तसं ह्याचं काय? दवाखान्यातली कचऱ्यात टाकत्यात. मला ते चालायचं न्हाई. नीट पुरला पायजे. आपल्या रानात."

"पुरू."

"तू पुरशील?"

"मी पुरीन, आप्पा. उठा आता."

आणि आप्पा उठले.

उशीर झालाच होता. डॉक्टर नेर्लेकर माझ्यावर खेकसले, मी काय करणार, ऐकून घेतलं. गुडघ्याखालून भागलं नाही, गुडघ्याच्या वरून काढावा लागला. ऑपरेशन संपल्यावर वॉर्डबॉय कापडात बांधलेलं गाठोडं घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "नातेवाईक कोण?" आईने दोन्ही हात पुढे केले. पण मी ते घेतलं. जड होतं. एवढं जड असेल असं वाटलं नव्हतं. आई दवाखान्यात थांबली, मी चुलतभावाच्या जीपने गावाकडे गेले. खड्डा त्याने काढला, पण गाठोडं आत ठेवलं मी, माती लोटली मी. हळदीकुंकू वाहावं का नाही, ते काही कळेना. शेवटी हात जोडले आणि जीपमध्ये बसले.

परत आले तेव्हा आप्पा शुद्धीवर येत होते. ओठ सुकलेले. मला बघून त्यांनी बोटाने जवळ बोलावलं.

"पुरलास?"

"पुरला."

"खोल?"

"खोल. वर दगड रचलेत, कुत्री उकरणार नाहीत."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं झोपले. मी पिशवी उचलली. शाळा सुरू व्हायला आली होती, घरी पोरं सासूबाईंच्या जिवावर टाकलेली, आणि खरं सांगायचं तर मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. दिवसभर ते गाठोडं हातात असल्यासारखं वाटत होतं. शेवटची गाडी मिळाली असती.

"मालू," आप्पा म्हणाले. "जाऊ नको. पाय पुरणाऱ्याला माणसाचं पुढचं कळत न्हाई. मलाबी कळलं न्हाई. तू थांब. माणूस उठून बसतोय का बघ, मग जा."

मी पिशवी खाली ठेवली.

त्या रात्री ताप चढला, उतरला, परत चढला. आई अंगावरचा पदर भिजवून त्यांच्या कपाळावर ठेवत होती. मी पलंगाला धरून बसले होते. दुसरा दिवस तसाच गेला. डॉक्टर येऊन नाडी बघून जायचे, आणि मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालायचे. उदयला, लेखकाला, त्या जागच्या न हलणाऱ्या सेनापतीला, आप्पांना.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स ड्रेसिंगला आली. तिने बँडेज गुंडाळायला घेतलं, आणि आप्पांनी एक डोळा उघडला.

"आसं न्हाई, बाई. सैल पडंल ते. हिकडं आण."

"आजोबा, झोपून राहा."

"आण म्हटलं न्हवं?"

त्यांनी पलंगाची दांडी धरली. मी पुढे झाले तर हाताने मला बाजूला सारलं. दात ओठ खात, घामाने निथळत, एकदा पडत, परत जोर करत आप्पा उठून बसले. बँडेजची गुंडाळी घेतली आणि उरलेल्या मांडीवर स्वतः पहिला वेढा घातला.

मग माझ्याकडे बघितलं.

"बघितलंस न्हवं?" ते म्हणाले. "बसला की माणूस."